शिवेबाहेर आलेला आवाज

मित्रांनो, माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने ‘बेडूक’ असे लिहिलेले आहे. त्यातला अर्धा रंग उडाला आहे, त्यामुळे नवी मुले ‘बेडू’पर्यंत वाचतात आणि माझ्याकडे संशयाने पाहतात. मी बेडूक नाही. मी हातात मावणारा, आवाज साठवून ठेवणारा रेकॉर्डर आहे. मी जुना आहे हे सिद्ध करायला फार पुरावे लागणार नाहीत. माझ्या बॅटरीचे झाकण रबराने बांधलेले आहे, आणि माझ्या डाव्या कानात, म्हणजे डाव्या मायक्रोफोनमध्ये, सतत एक बारीक ‘सूं’ चालू असते. ती रानाची नाही, वाऱ्याची नाही. ती माझीच आहे.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मी सांगणार नाही, कारण त्या वेळी माझ्यात मेमरी कार्ड नव्हते. ज्याची नोंद माझ्याकडे नाही त्याविषयी मी बोलत नाही. ही सवय मला माझ्या पहिल्या मालकिणीने लावली.

ती बेडकांची संशोधक होती. भर पावसाळ्यात, पायांना जळवा लागलेल्या असताना, ती मला कर्नाटकातल्या जोयड्याच्या रानात ओढ्याकाठी धरून बसत असे. बेडूक ओरडण्याआधी ती सपाट आवाजात बोलून ठेवी: ठिकाण कोणते, हवा कशी, यंत्र कोणी धरले आहे. ज्या आवाजासोबत त्याचा पत्ता नाही त्याचा अभ्यासाला काही उपयोग नाही, असे तिचे म्हणणे होते. तिने माझी काळजी घेतली, आणि मीही तिला फसवले नाही. एका सभेत मी टिपलेले बेडकांचे आवाज ऐकताना मोठमोठी माणसे खुर्चीत पुढे सरकून बसली होती. ते माझे वैभवाचे दिवस.

मग तिच्याकडे माझ्याहून तीक्ष्ण कानाचे यंत्र आले. मी कपाटात गेलो. मला कोणी फेकले नाही की टाकून बोलले नाही. फक्त माझे बटण कोणी दाबले नाही. ओलाव्याने माझ्या कानांवरच्या स्पंजाला बुरशी धरली. अशी काही वर्षे गेल्यावर माझ्या मालकिणीने मला आपल्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या हाती दिले. ही मैत्रीण म्हणजे विमलबाई. त्या रामनगरच्या बाजूला एका मराठी शाळेत विज्ञान शिकवत.

विमलबाईंनी बुरशी पुसली, नवा स्पंज शिवला, आणि मला नववीच्या वर्गात टेबलावर ठेवून सांगितले, “आपण पॉडकास्ट करायचा. म्हणजे बोलायचं, ऐकायचं, तपासायचं, आणि मग लोकांना ऐकवायचं. ऐकणाऱ्याला डोळे नसतात, हे पहिलं लक्षात ठेवा.”

सुरुवात तुकारामने केली. तुकाराम हा बाजारातल्या लोखंडी सामानाच्या दुकानदाराचा मुलगा. वर्गात त्याची जीभ क्षणभर स्वस्थ नसे, पण माझा लाल दिवा लागताच तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “आदरणीय श्रोतेहो, आज आम्ही आपणासमोर एक अत्यंत महत्त्वपूर्ण विषय घेऊन उपस्थित होत आहोत.”

बाईंनी मला थांबवले. “हा कोण बोलतोय?”

“मीच की, बाई.”

“दुकानात गिऱ्हाईकाला असं सांगतोस? आदरणीय ग्राहक, हे खिळे आपणासमोर उपस्थित होत आहेत?”

वर्ग हसला. तुकारामही हसला. त्या दिवसापासून कागद पाहून वाचणे बंद झाले. मुले शिकत गेली: बांगड्या काढून ठेवायच्या, पंखा बंद करायचा, प्रश्न विचारल्यावर गप्प राहायचे, समोरचा थांबला तरी घाईने मध्ये बोलायचे नाही. माझ्या मालकिणीची जुनी शिस्तही बाईंनी चालू ठेवली. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या आधी ठिकाण, हवा आणि धरणारा. शिवाय त्यांनी स्वतःचा एक नियम घातला: पॉडकास्टमधले प्रत्येक विधान तपासता आले पाहिजे.

पहिल्या भागासाठी बाईंनी काम दिले. “असा आवाज आणा, जो या वर्गात दुसऱ्या कोणालाच आणता येणार नाही. आणि त्याच्याबद्दल बोला.”

कॅसलरॉकच्या सूरजने घाट उतरणाऱ्या मालगाडीच्या ब्रेकचा आवाज आणला. तो इतका लांबत गेला की बाकावरची मुले नकळत मागे रेलली. त्यानंतर भाग्यलक्ष्मी उभी राहिली.

ती रानातल्या एका वाडीवरची. नंदिगड्ड्याला बसमधून उतरून पुढे चालत जावे लागते, अशी ती वाडी. शाळेसाठी ती वसतिगृहात राही. तिच्या बोलण्यात कोंकणी मिसळे, त्यामुळे बाजारातली मुले ओठ दाबून हसत, आणि म्हणून ती वर्गात फारसे बोलत नसे. पण हेडफोन लावून ऐकताना ती जितकी स्थिर बसे तितके त्या वर्गात कोणीही बसत नव्हते. हे मी निरीक्षणावरून सांगतो. कौतुक म्हणून नव्हे.

“आमच्या देवाच्या रानात एक झरा हाय,” ती म्हणाली. “तो कधी गप बसत न्हाई. मे म्हयन्यात बी बोलतो.”

“मे म्हयन्यात आमच्या हिरीत बादली तळाला आपटती,” तुकाराम म्हणाला, “आणि हिचा झरा बोलतोय! काय बोलतोय गं? तुकाराम, जेवलास काय?”

हशा पिकला. तो ओसरेपर्यंत बाई थांबल्या. “तुकाराम, तुझी शंका योग्य आहे. विनोद तितका योग्य नाही. भाग्यलक्ष्मी, पुरावा आणशील?”

“आणीन, बाई.” तिचे कान लाल झाले होते. “न्हाई आणला तर मी पॉडकास्टात परत तोंड उघडणार न्हाई.”

असे बोलायला तिला कोणी सांगितले नव्हते. पण ती बोलली होती, सर्वांनी ऐकले होते, आणि माझा लाल दिवा चालू होता.

त्या रविवारी मी तिच्या दप्तरातून वाडीवर गेलो. तुम्ही देवराई म्हणता, त्याला तिथे देवाचे रान म्हणतात. चारी बाजूंना शिवेचे दगड रोवलेले. भाग्यलक्ष्मीने दगडापाशी चपला काढल्या, आत गेली, झऱ्याकाठी मला एका मुळावर ठेवले आणि श्वास रोखून बसली. मुद्रण उत्तम झाले. बेडकांच्या काळानंतर इतके स्वच्छ काही माझ्या कानांवर पडले नव्हते.

अंगणात तिचे आजोबा, नागू, ‘कोन’ नावाचे कंद विळ्याने साफ करत बसले होते. रानातल्या शेतात पिकणारा हा कंद माणसाच्या मांडीएवढा होतो आणि त्याच्या सालीत माती घट्ट बसते. भाग्यलक्ष्मीने माझे बटण दाबले. म्हातारा ऐकू लागला आणि त्याचा चेहरा उजळला.

“हा तर आपलाच झरा गो!”

“व्हय आज्जा. आत जाऊन आणला.”

विळा थांबला. “आतनं आणलास?”

“आवाज हाय तो. काय तोडलं न्हाई, काय उचललं न्हाई.”

“आतलं काय बी भायर न्यायचं न्हाई. सुकं पान न्हाई, काटकी न्हाई. माझ्या आज्जानं उभ्या जन्मात तिथली काडी दात कोरायला घेतली न्हाई. आणि तू झराच उचलून आणलास?”

“पण झरा हाय तिथंच हाय! कमी झाला न्हाई.”

“तू न्हेलंस का न्हाई, तेवढं सांग.”

“न्हेलं.”

“मग परत ठेवून ये.”

मित्रांनो, इथे मला माझे मत नोंदवले पाहिजे. आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. ते माझ्या कानांच्या पडद्यांवर आदळले, त्यांचे आकडे झाले, आणि आकडे कार्डावर बसले. देवराईतून एक थेंबही कमी झाला नाही. या मुद्द्यावर भौतिकशास्त्र नागूआज्जाच्या बाजूने नाही. परंतु त्याचा प्रश्न भौतिकशास्त्राचा नव्हताच. विचारल्यावाचून नेलेस का, एवढाच तो होता, आणि त्याचे उत्तर तपासता येण्याजोगे होते.

नुसते मुद्रण पुसायचे असते तर ते अंगणातच, एका बोटाने झाले असते. भाग्यलक्ष्मीने तसे केले नाही. ती पुन्हा चालत गेली, चपला काढल्या, झऱ्याकाठी त्याच मुळावर मला ठेवले आणि आवाज पूर्ण मोठा करून ते मुद्रण सुरुवातीपासून शेवटपर्यंत झऱ्याला ऐकवले. माझा स्पीकर सुपारीएवढा आहे. त्यातून जे निघाले ते केविलवाणेच होते. तरी तेवढा वेळ तिथे झरा दोनदा वाहत होता. मग तिने पुसण्याचे बटण दाबले. खात्री आहे का, असे मी नियमाप्रमाणे विचारले. तिने पुन्हा दाबले. झरा एकटाच वाहू लागला.

सोमवारी वर्गाने विचारले, “आणलास?”

“आणलेला. परत ठेवला.”

“मी बी गृहपाठ रोज करतो, बाई,” तुकाराम म्हणाला, “आणि शाळंला यायच्या आधी परत ठेवतो.”

या वेळी हशा मोठा होता. भाग्यलक्ष्मीने वाडीवर घडलेले सर्व सांगितले. सांगताना ती खाली पाहत होती, पण एकही वाक्य तिने गाळले नाही. या सगळ्यावर बाईंना व्याख्यान देता आले असते. त्यांनी प्रश्न विचारला.

“तिथून बाहेर काहीच येत नाही? काहीच घेत नाही तुम्ही?”

“पाणी घेतो की. ते आपलं आपण भायर येतंय, शेतात. शिवेभायर पडलेला आंबा बी घेतो. आत पडला तर न्हाई.” मग तिने मान वर केली. “बाई, आवाज बी येतो भायर. आपलं आपण.”

“किती येतो?” बाईंनी विचारले.

किती ते कोणालाच माहीत नव्हते. पुढच्या सुट्टीला ती मला घेऊन पुन्हा वाडीवर गेली, पण दप्तर उघडले नाही. आधी आज्जाला विचारले. नागू विचार करत बसला. मग उठला, स्वतः शिवेच्या दगडापाशी जाऊन उभा राहिला, आणि कानामागे तळवा धरून ऐकू लागला.

“येतोय,” अखेर तो म्हणाला. “थोडका येतोय. त्यानं सोडलाय म्हंजे घ्यायला हरकत न्हाई. पण पाय दगडाच्या भायर.”

परवानगी मिळाली, आवाज मिळाला नाही. दगडापासून झरा दूर होता, आणि जे काही माझ्यापर्यंत पोहोचे त्यापेक्षा माझी स्वतःची ‘सूं’ मोठी भरे. शिवाय वारा सुटे. कोंबडी अंडे घातल्याची जाहिरात करी. कोणाची तरी मोटारसायकल नेमकी त्याच वेळी चढ चढे. भाग्यलक्ष्मी हेडफोन लावून ऐके, मान हलवी, पुसे, आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा येई. एकदा दिवसभरात तिने काहीही राखले नाही. परतताना ती मला उद्देशून “तुझं बी नाक चोंदलंय” एवढेच म्हणाली, आणि पुढच्या खेपेला स्पंज धुऊन आणला.

त्याच सुमारास बाई वर्गात अंतर्गोल आरसा शिकवत होत्या. प्रकाशाचे किरण आरशावरून परतून एका बिंदूत कसे जमतात, ते फळ्यावर काढलेले होते. भाग्यलक्ष्मीचा हात वर गेला.

“आवाजाला बी असा आरसा असतो काय, बाई?”

“असतो. पण मोठा लागतो. गुळगुळीत, आतून खोल.”

मागून तुकाराम म्हणाला, “आमच्या दुकानात घमेली हायत.”

सर्वांनी वळून पाहिले.

“बघताय काय? नवं घमेलं हाय, गुळगुळीत हाय, खोल हाय. मी आणतो. पण धरणार मीच. न्हाईतर ही कुठल्या तरी ओढ्याचा आवाज आणील आणि झरा म्हणून आमच्या गळ्यात मारील.”

“यालाच साक्षीदार म्हणतात,” बाई म्हणाल्या. “जरूर जा. मीही येते.”

माघात आम्ही गेलो. शिवेच्या दगडाबाहेर तुकारामने घमेले कडेवरच्या मुलासारखे धरले. मला एका काठीला बांधून त्याच्या मध्यावर, घमेल्याकडे तोंड करून ठेवले. म्हणजे झऱ्याकडे माझी पाठ होती. भाग्यलक्ष्मीने हेडफोन लावले आणि ती हाताने खुणावू लागली: मला मागे, पुढे, थोडे खाली. जाड आवाजांसाठी घमेल्याचा विशेष उपयोग होत नाही. पण पाण्याचा खळखळाट बारीक असतो, आणि एका जागी तो अचानक माझ्या ‘सूं’च्या वर आला. भाग्यलक्ष्मीची मूठ वळली. नागू तिथेच उकिडवा बसला होता. त्याने तुकारामच्या पायांकडे पाहिले आणि म्हटले, “पोरा, टाच दगडावर हाय. खाली घे.” तुकारामने घमेले न हलवता टाच खाली घेतली.

वर्गाने तो आवाज ऐकला. कोणी हसले नाही. बाईंनी तुकारामकडे पाहिले.

“हाय,” तो म्हणाला. “झरा हाय, मी धरलाय. पण बाई, हा माघातला. ही म्हणाली व्हती मे म्हयन्यात.”

हा आक्षेप बिनतोड होता. एका ऋतूतले निरीक्षण दुसऱ्या ऋतूचा पुरावा होत नाही. बाईंनी मान डोलावली आणि भाग्यलक्ष्मीकडे वळल्या. तिने तुकारामकडेच पाहिले.

“मग मे म्हयन्यात ये. घमेलं तूच धरायचं.”

आणि तो आला. शाळेला सुट्टी होती, ऊन भाजत होते, झऱ्याचे पाणी आणणारा शेतातला पाट कोरडा पडून मातीला भेगा गेल्या होत्या. तो पाट पाहूनच भाग्यलक्ष्मीचा चेहरा उतरला, पण ती थांबली नाही. आज्जाला विचारून झाले, बाई सावलीत उभ्या राहिल्या, घमेले उचलले गेले, माझा लाल दिवा लागला.

माझ्या कानांत फक्त माझीच ‘सूं’ होती. तुकारामने घमेले इंचाइंचाने फिरवले. पुन्हा फिरवले. घाम त्याच्या भुवईवरून डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. भाग्यलक्ष्मी डोळे मिटून उभी होती. शेवटी तुकारामने हळूच, बाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हटले, “भाग्या, तो माघातलाच लाव की. कुणाला कळतंय? मी सांगणार न्हाई.”

त्याने हे द्वेषाने म्हटले नाही. त्याला ती हरायला नको होती. एवढे मला त्याच्या स्वरावरून नोंदवता येते.

भाग्यलक्ष्मीने डोळे उघडले नाहीत. “तू साक्षीदार हायस का चोर? गप धर.”

तो गप्प धरून राहिला. आणि मग तिचा हात वर गेला.

एक थेंब. मग बऱ्याच अवकाशाने, पाण्यावर पाणी पडल्याचा आणखी एक. खळखळाट नव्हता, धार नव्हती. दगडाच्या फटीतून एकेक थेंब खालच्या डबक्यात पडत होता, आणि तो आवाज झाडांमधून शिवेबाहेर येऊन, घमेल्यावर आपटून माझ्यापर्यंत पोहोचत होता. तिने तो पुरेसा भरून घेतला. मग मला काठीवरून सोडवले, तोंडाजवळ धरले, आणि पूर्ण वर्गासमोर बोलावे तशी बोलली. तिच्या बोलीत, कुठेही न अडखळता:

“ठिकाण, आमच्या देवाच्या रानाची शीव, दगडाच्या भायर. हवा, कडक ऊन, वारा न्हाई. धरणारा, तुकाराम, आणि त्याचं घमेलं. विचारलं, आज्जाला. मी वर्गात म्हणाले व्हते, झरा मे म्हयन्यात बी बोलतो. तेवढं खरं न्हाई. धार न्हाई. थेंब हाय. पण तो गप न्हाई.”

“थेंबाला बोलणं म्हणत न्हाईत,” तुकाराम मागून म्हणाला.

“मग काय म्हणतात?”

“...पुटपुटणं.”

हा संवादही मी टिपला. शाळा उघडल्यावर पॉडकास्टचा पहिला भाग लोकांनी ऐकला तेव्हा तो त्यात जसाच्या तसा होता. बाईंनी काढू दिला नाही. रामनगरच्या बाजारात आता काही मुले एकमेकांना ‘पुटपुटू नको’ म्हणतात; पण भाग्यलक्ष्मी बोलायला उभी राहिली की ओठ दाबून हसणारे मला तरी दिसलेले नाहीत. दुसऱ्या भागाचे निवेदन तिचे आहे, तिसऱ्याचेही. घमेले दुकानात परत गेले नाही. ते वर्गाच्या खिडकीत टांगलेले आहे.

मित्रांनो, माझे आयुष्य आता किती उरले आहे याचा अंदाज मी देणार नाही. त्यासाठी माहिती अपुरी आहे. मी कोरड्या डब्यात राहतो, सुट्टीत माझ्या बॅटऱ्या काढून ठेवतात, आणि नवी मुले आली की माझे रबर बदलतात. तुमच्या घरी एखादे जुने यंत्र असेल तर त्याच्यासाठी एवढे करा. आणि लाल बटण दाबण्याआधी ठिकाण, हवा, धरणारा यांच्या जोडीला आमच्या वर्गासारखी चौथी गोष्ट बोलून ठेवा: कोणाला विचारले. उत्तर ‘नको’ आले तर बटण सोडा आणि शिवेबाहेर उभे राहा. घमेले स्थिर धरा. जेवढा आवाज आपणहून बाहेर येईल तेवढा घ्या, आणि तो थेंबाएवढा असेल तर थेंबाएवढाच सांगा.